लाईट उनी का रे?

पत्र

ताई, सप्रेम जय भीम.

चोपडा तालुक्यातल्या एका गावातून लिहितोय. वय ४६. जळगावला कारकून आहे, रोजचं अप-डाऊन. माझे वडील, आम्ही आप्पा म्हणतो, ७९ वर्षांचे आहेत. दोन-अडीच वर्षांपासून विसरायला लागलेत. ज्या मळ्यात माझे आजोबा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी होते, त्यातलेच अडीच एकर आप्पांनी पुढे विकत घेतले आणि तीस वर्षं तिथे केळी केली. चार वर्षांपूर्वी तो मळा विकावा लागला. बोअर आटली होती, सोसायटीचं कर्ज होतं, आईचा दवाखाना चालू होता. सही आप्पांनीच केली. त्यांना तेव्हा कितपत कळत होतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं टाळतो. आईही राहिली नाही.

आता रोज पहाटे पाचला आप्पा उठतात, कोपऱ्यातलं फावडं घेतात आणि विचारतात, "लाईट उनी का रे?" म्हणजे वीज आली का. त्यांना मोटर चालू करून केळीला पाणी भरायचं असतं. मी सांगतो, आप्पा, मळा विकला आपण. ते माझ्याकडे बघत राहतात आणि रडतात, जणू पहिल्यांदाच ऐकताहेत. तासाभराने विसरतात. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर दोनदा केलंय. त्यांना समजावतो, सगळं अनित्य आहे, धरून ठेवू नका. काही फरक पडत नाही. माझी बायको मात्र "चहा घ्या, मग जाऊ" म्हणते आणि ते शांत बसतात. पण हे खोटं बोलणं नाही का? आमच्या घरी रोज पंचशील होतं. शिवाय जे तासाभरात सगळं विसरतात त्यांच्यासाठी एवढं करून उपयोग काय, असं कधी कधी मनात येतं आणि लाज वाटते. अनित्य मला समजलं असेल, तर मग एवढा त्रास का होतो?

उत्तर

भाऊ, जय भीम.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्यासाठी वाईट वाटलं, दुसऱ्यांदा आप्पांसाठी. तुमचा मळा चार वर्षांपूर्वी एकदाच गेला. त्यांचा रोज जातो. रोज पहाटे पाचला, चहाच्याही आधी, आणि तो गेल्याची बातमी रोज पोटचा मुलगाच आणतो.

कडक लिहिलं, माहीत आहे. पण तुम्ही धम्म वाचणारे आहात, म्हणून धम्मातलंच सांगते. संयुत्त निकाय या पाली ग्रंथात सल्ल सुत्त आहे. सल्ल म्हणजे बाण. अंगाला दुखलं हा पहिला बाण. मग त्या दुखण्यावर मन जी रडारड, चिडचिड करतं तो दुसरा. पहिला कुणालाच चुकत नाही. दुसरा न शिकलेल्या माणसालाच लागतो, असं बुद्ध सांगतात; तो त्याने स्वतःच मारून घेतलेला असतो. आप्पांची स्मृती जातेय हा पहिला बाण. तो कुणी मारला नाही. दुसरा मात्र तुमच्या घरात रोज सकाळी सुटतोय आणि तो आप्पा स्वतःला मारून घेत नाहीत.

आता अनित्याचं. हे वचन आपण बहुतेक मयताच्या वेळी ऐकतो, "अनिच्चा वत संखारा", जे जे घडलेलं ते अनित्य. त्यामुळे ते दुसऱ्याला शांत करायचं वाक्य आहे असं कुठेतरी मनात बसून जातं. कुणी रडायला लागलं की अनित्य सांगायचं आणि गप्प करायचं. बुद्धांनी स्वतः ते कसं वापरलं ते बघा. किसा गोतमी मेलेलं लेकरू कडेवर घेऊन श्रावस्तीत दारोदार औषध मागत फिरत होती. लोक तिला खरंच सांगत होते, बाई, पोर गेलंय. ते खरं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. बुद्धांकडे आली तेव्हा त्यांनी ते वाक्य परत ऐकवलं नाही. मूठभर मोहरी आण म्हणाले, फक्त ज्या घरात कधी कुणी मेलं नाही अशा घरची आण. मोहरी घरोघरी होती, तसं घर मात्र एकही निघालं नाही. जे कळायचं ते तिला तिच्या पायांनी चालून कळलं. लेकराला तिने स्वतःच्या हातांनी निरोप दिला.

गोतमी मात्र फिरून येऊ शकली, समजून घेऊ शकली, समजलेलं टिकवू शकली. आप्पांना ते शेवटचंच जमणार नाही. तुम्ही त्यांना आज पटवलंत तरी उद्या पाचला पाटी कोरी असणार. कोऱ्या पाटीवर रोज मयत लिहायचं, याला शिकवणं म्हणत नाहीत.

खोटं बोलण्याचा तुमचा मुद्दा मी हलका समजत नाही. "मुसावादा वेरमणी", खोटं बोलणार नाही, असं रोज म्हणायचं आणि घरातच थापा मारायच्या, हे खटकायलाच हवं. पण खरं बोलण्याबद्दल मज्झिम निकायात अभयराजकुमार सुत्त आहे, ते काढून वाचा. तथागत, म्हणजे बुद्ध, काय बोलतात आणि काय बोलत नाहीत याची तिथे सरळ वाटणीच आहे. जे खोटं ते बोलत नाहीत. जे खरं आहे पण ज्याने कुणाचं हित होत नाही, तेही बोलत नाहीत. जे खरं आणि हिताचं, ते ऐकायला कडू असलं तरी बोलतात, पण वेळ बघून. तान्ह्या पोराने तोंडात खडा घातला तर रक्त आलं तरी बोट घालून काढावाच लागतो, असा दाखलाही त्यातच आहे. म्हणजे कडू खरं टाळायचं नाहीच. उद्या आप्पा एकटे हायवे ओलांडायला निघाले तर "जाऊ नका" हे त्यांना आवडो न आवडो, सांगावंच लागेल. तो खडा आहे. पण मळा विकला हे पहाटे पाचला सांगून कुणाच्या घशातला खडा निघतो?

खोटं न बोलता काय बोलायचं, तर विचारायचं. आप्पा म्हणाले, लाईट उनी का रे, तर विचारा, "आप्पा, तुम्ही पाणी कुठल्या ओळीपासून धरायचे?" एवढंच. यात खोटं काही नाही. रातपाळीची लाईट यायची तेव्हा कंदील घेऊन कसं जायचे, बाग निसवायला, केळफुलं बाहेर पडायला लागली की काय काळजी घ्यायचे, वादळ आलं त्या वर्षी किती झाडं आडवी झाली होती, विचारा. मळा गेला, पण त्यांच्या हातात मळ्याचं जे ज्ञान आहे ते अजून गेलेलं नाही. तेही जाईल. म्हणून आजच विचारा.

वहिनींच्या "चहा घ्या, मग जाऊ" मधल्या "मग जाऊ"त थोडी खोट आहे, हे मला मान्य आहे. त्यावर उपाय असा की चहा झाल्यावर खरंच जा. गल्लीच्या टोकापर्यंत, पारापर्यंत, कुठेही. म्हणजे शब्दही पाळला जातो आणि म्हाताऱ्याचे पायही मोकळे होतात.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते सांगते. मला वाटतं अनित्य आप्पांना समजत नाही ही तुमच्या घरातली अडचण नाहीच. तुम्हाला कालचे आप्पा हवे आहेत. हिशोब तोंडपाठ असणारे, कर्ज, व्याज, बोअरची खोली सगळं समजणारे, तुम्ही मळा विकला तेव्हा "ठीक केलंस" म्हणू शकले असते असे आप्पा. ते आप्पा बदलले. रोज सकाळी तुम्ही आजच्या आप्पांना हलवून हलवून कालच्या आप्पांना हाक मारताय. ओ येत नाही, म्हणून त्रास होतोय. अनित्याचं जे वचन तुम्ही त्यांना ऐकवता त्याचं गिऱ्हाईक तुम्हीच आहात, भाऊ.

तुम्ही केळीतले, म्हणून एक दाखला देते. फेण सुत्तात बुद्ध पाच स्कंधांना, म्हणजे माणूस ज्या पाच गोष्टींचा बनतो त्यांना, पाच उपमा देतात. रूप, म्हणजे शरीर, हा नदीवरचा फेस. वेदना, म्हणजे सुखदुःख जाणवणं, हा पावसाचा बुडबुडा. सञ्ञा, म्हणजे ही ओळख पटणं, हे असं, हा अमुक, ही म्हणजे भर उन्हाळ्यातलं मृगजळ. संखार, म्हणजे मनाच्या घडणी, हे केळीचं खोड. आणि विज्ञान, इथे त्याचा अर्थ जाणीव, हा जादूगाराचा खेळ. खोडाचं तिथे असं आहे की एक माणूस चांगलं पक्कं लाकूड शोधायला कुऱ्हाड घेऊन रानात जातो. सरळसोट, उंच केळ दिसते. तोडतो, शेंडा छाटतो आणि सोपटं, म्हणजे खोडाचे पदर, सोलत बसतो. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. गाभा सापडतच नाही. आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की केळीच्या खोडात लाकूड नसतं. पण स्वतःच्या बापाच्या बाबतीत आपण सोपटं सोलतच राहतो. आत कुठेतरी तो जुना, पक्का बाप असेल, या आशेवर.

आणि मला जे त्या सुत्ताच्या पलीकडचं वाटतं तेही सांगते, चुकत असेन तर सोडून द्या. लाकूड नसतानाही ती केळ उभी राहते, निसवते, घड धरते. नुसत्या सोपटांवर. आप्पांमध्येही आता आठवणींची थोडी सोपटं उरलीत. त्यांच्यावर ते रोज पाचला उठून पाणी भरायला निघतात. मला तर हे मोठं वाटतं.

माझ्या आजीने शेवटची दीड-दोन वर्षं मला तिच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. मी कॉलेजात होते, शहाणी होते. दर वेळी दुरुस्ती करायची. आजी, ती नाही, मी आहे. ती ओशाळायची, पदर तोंडाला लावायची. मग एका अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी झोक्यावर होत्या, घरात मांड्यांची गडबड होती. आजी ओट्यावरून त्याच नावाने हाक मारत होती आणि मला दुरुस्ती करायलाही वेळ नव्हता. मी नुसतं "ओ" म्हटलं आणि जवळ जाऊन बसले. तिने माझी वेणी घातली. घालताना त्या दोघी लहानपणी कुठल्या विहिरीवर पोहायला शिकल्या ते सगळं सांगितलं. ते आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ओ दिली, पण ते नाव माझं आहे असं म्हटलं नाही. शील मोडलं की नाही, हे भिक्खूंना विचारा. मला आजही मोडलं असं वाटत नाही.

उपयोग काय, असं मनात येतं म्हणालात. लाज वाटून घेऊ नका, दमलेल्या माणसाच्या मनात हे येतंच. प्रसंग विसरला तरी त्याची चव मागे राहते. एवढं करा, वहिनींना विचारा की ज्या दिवशी आप्पा पहाटे रडतात त्या दिवशी दुपारी जेवतात कसे, चिडतात का, अंघोळीला नाही म्हणतात का. तुम्ही सातच्या गाडीला निघून जाता. पहाटेच्या त्या पाच मिनिटांची वसुली दिवसभर कुणाकडून होते ते तुम्हाला दिसत नाही.

आणि हो, वहिनींबद्दल. तुमच्या पत्रात तुमच्या मनःशांतीबद्दल बरंच आहे. जी बाई न शिकता, न शिबिर करता रोज ते काम बरोबर करतेय, तिला दीड ओळ, तीही तक्रारीची. त्यांना दमायला होत असेल. बहीण असेल तर तिला आठ-पंधरा दिवस येऊन राहायला सांगा. नसेल तर रविवारी आप्पा पूर्ण तुमचे आणि वहिनी घराबाहेर. कुठे जायचं ते त्या ठरवतील.

मळ्याच्या सहीबद्दल मी तुम्हाला मोकळं करू शकत नाही. कुणी करत असेल तर त्याच्यापासून सावध राहा. मळा अनित्य होता म्हणून गेला, असं मात्र म्हणू नका. तो कारणांनी गेला. पाणी खोल गेलं, कर्ज होतं, आईचा जीव होता. आणि तुम्ही एक निर्णय घेतलात. धम्मात प्रत्येक गोष्टीला हेतू-प्रत्यय असतात, त्यात आपला हातही येतो. अनित्याची गोधडी त्यावर पांघरायची नाही. आप्पांना तेव्हा कितपत कळत होतं, हा प्रश्न स्वतःला एकदा नीट विचारा, उत्तर वहिनींना सांगा. चार वर्षं टाळलेला प्रश्नच तुम्हाला पहाटे पाचला एवढं कठोर बोलायला लावत असेल, असा मला संशय आहे. रोज त्यांना "मळा विकला" सांगताना तुम्ही कदाचित कबुलीच देत असाल. पण ती ऐकून घेऊ शकणारा माणूस आता तिथे नाही.

दुसरी बाजूही लिहून ठेवते, कारण अनित्य म्हणजे नुसती गळती असं समजून आपली माणसं उगाच खचतात. बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म"मध्ये हे फार स्वच्छ मांडलंय. वस्तू सतत बदलत नसत्या, कायम तशाच राहिल्या असत्या, तर कशाचीच वाढ झाली नसती, सगळं जागच्या जागी थांबलं असतं. तुमचे आजोबा त्या मळ्यात सालदार होते. अखजीला साल सुटायचं, अखजीलाच नवं ठरायचं, आणि गावाला वाटायचं हे असंच चालणार. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात जे घडलं ते "असंच चालणार" मोडण्यासाठीच घडलं. सालदाराचा मुलगा त्याच मळ्याचा मालक झाला, तोही अनित्यामुळेच. त्याबद्दल तेव्हा घरात कुणी तक्रार केली नसेल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, समजलं असेल तर त्रास का. अजिंठ्याचं २६ नंबरचं लेणं तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. वाघूर तिथूनच खाली आपल्या जिल्ह्यात उतरते. आत शिरलं की डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाची ती भली मोठी मूर्ती आहे, सात मीटरच्या आसपास लांब. लोक चेहऱ्याचा फोटो काढतात आणि निघतात. पुढच्या वेळी मंचकाच्या खाली बघा. शिष्यांची ओळ आहे. कुणी मान खाली घातलीय, कुणी कपाळाला हात लावलाय. ज्यांनी उभा जन्म अनित्य ऐकलं तेच हे. आणि कोरणाऱ्यांनी त्यांचं रडणं लपवलं नाही, दगडात काढलं. बुद्धांची सेवा करणारा शिष्य आनंद, त्याची गोष्टही तशीच. कुशीनगरला तो आत जाऊन दाराला टेकून रडत होता. बुद्धांनी त्याला बोलावून घेतलं. शोक करू नकोस, प्रिय ते सगळं दुरावतंच, हे आधीच सांगितलंय ना, असं म्हणाले खरे. पण तिथे थांबले नाहीत. तू इतकी वर्षं कायेने, वाचेने, मनाने मायेने माझी सेवा केलीस, हेही त्याला सांगितलं. तुम्हाला ते सांगू शकणारा माणूस आता ते सांगायच्या अवस्थेत नाही, म्हणून तुम्हाला जास्त जड जातंय. त्रास होतोय त्याअर्थी शिबिर वाया गेलं, असं मी तरी म्हणणार नाही.

थोडं व्यवहाराचं. वयामुळे विसरतात म्हणून सोडून दिलं असेल तर आधी मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा. बी-१२ कमी असणं, थायरॉईड, काही गोळ्या, खोल उदासी यांनीही विसर पडतो आणि त्यातलं बरंच उपचाराने सुधारतं. आई गेल्यावर त्यांचं दुखणं वाढलं का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यांच्या खिशात नाव, गाव आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी कायम असू द्या. पहाटे दाराला वाजणारी कडी लावा. कुलूप नको, कुलपाने माणूस घाबरतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाईन आहे, तिथे माहिती मिळते. फावडं काढून घेऊ नका, हलकं द्या.

आणि एक शेवटचं. ज्यांनी मळा घेतला त्यांच्याशी बोलणं असेल आणि तिथे अजून केळी असेल तर त्यांच्याकडून दोन पिलं, म्हणजे बुडातून फुटलेली रोपं, मागा. मृगबागेचे, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी केळी लावायचे, दिवस आहेतच. घरामागे न्हाणीचं सांडपाणी जिथे निघतं तिथे खड्डे करा. आप्पा दिवसातून दहा वेळा पाणी घालतील, कंद कुजेलही. कुजला तर दुसरं पील आणायचं. लागलंच तर वर्षा-दीड वर्षात निसवेल, एकदा घड देईल, मग ते झाड संपेल आणि बुडातून पुढचं येईल. तेव्हा आप्पा कुठे असतील, कसे असतील, ते आज कुणालाच सांगता येणार नाही.

पिलं निवडायला मात्र त्यांना सोबत न्या. रुंद पानाचं पील दिसायला गुटगुटीत असतं, पण ते घ्यायचं नसतं. तलवारीसारख्या अरुंद पानाचं घ्यायचं. तुम्ही मुद्दाम रुंद पानाच्या पिलाला हात लावून बघा आणि ते काय म्हणतात ते मला कळवा.